आमच्या ह्यांचे तीन पंप

आमच्या ह्यांना हॉस्पिटलात दाखल करायचं म्हटलं की मी बॅग भरायला घेत नाही. ती भरलेलीच असते, दारामागे टांगलेली. टॉवेल, चपला, दाढीचं सामान आणि एका पिशवीत पंप. ही वेळ एका वर्षात आली. त्याआधी आम्ही हॉस्पिटलात जायचो ते दुसऱ्यांना भेटायला, आणि तिथेही हे आजारी माणसाची विचारपूस सोडून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायचे.

ह्यांचा धंदा गाड्या रंगवायचा. ठोकर खाल्लेली गाडी स्प्रे गननं अशी करून द्यायची की मालकानंच विचारावं, ठोकर नक्की कुठे लागली होती? उभा जन्म त्या रंगाच्या धुक्यात गेला. तोंडाला कधी रुमाल, बऱ्याचदा तोही नाही. मी सांगून सांगून थकले. मास्क लावला की मिशी चुरगळते, असं उत्तर मिळायचं. आता मिशी शाबूत आहे आणि फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, चार सुट्या अक्षरांचं. अर्थ एवढाच की श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, त्या परत पहिल्यासारख्या व्हायच्या नाहीत, पण औषध नीट गेलं तर माणूस चालतो, फिरतो, भांडतो. भांडतो हे डॉक्टर म्हणाले नाहीत, ते मी आपलं धरून चालले.

गॅरेज आता भाचा बघतो, म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. हे रोज सकाळी तिथे जातात, बाहेरच्या बाजूला, वारा येतो तिकडे स्टूल टाकून बसतात आणि चुका काढतात. एवढी सवलत डॉक्टरांकडून भांडून मिळवलेली. भाच्याच्या नाकी नऊ येतात, पण माझी सकाळ सुखात जाते. आणि दुपारी हे घरी येतात तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान असतं की विचारू नका.

तर पंपांचं सांगते. पहिल्या खेपेला निळा पंप मिळाला, दम लागेल तेव्हा घ्यायचा. दुसऱ्या खेपेला त्याच्या जोडीला जांभळा, सकाळ-संध्याकाळ न चुकता. दोन्ही खेपांना सगळं ठरल्यासारखं झालं. आल्या आल्या तोंडाला मास्क बांधून मशीनची वाफ. वाफेनं हे टवटवीत, सिस्टरशी गप्पा मारायला लागणार. मग डॉक्टर म्हणणार, आता घरी जायचंय, वाफ बंद करून पंपावर आणू. पंपावर आणलं की हे परत कोमेजणार. मग डॉक्टर एकमेकांकडे बघून म्हणणार, औषध कमी पडतंय, एक पायरी वर जाऊ. हॉस्पिटलात औषध असं लिहितात. खालच्या पायरीनं भागलं नाही, की वरची.

ह्यांना ते अजिबात पटायचं नाही. डॉक्टरांची पाठ वळली की मला सांगायचे, "खालचा हात बसलाच नाही, तर वरून कितीही हात मारा, रंग सोलून निघणार. आधी खालचा का बसत नाही ते बघायला नको का?"

"मग त्यांना सांगा की," मी म्हणायची.

"मी कशाला सांगू? ते मला बॉनेटबद्दल सांगतात का काही?"

ही तिसरी खेप. ह्या वेळी खाट खिडकीजवळची मिळाली. खाली पार्किंग. त्यामुळे दिवसभर करमणूक. "ती पांढरी बघ. दार वेगळ्याच छटेचं. डोळे मिटून रंगवलंय काय कुणी?" धापेमुळे एका वाक्याचे तीन तुकडे व्हायचे, पण निंदा पुरी केल्याशिवाय माणूस थांबायचा नाही.

राउंडला मोठा लवाजमा यायचा. मोठे डॉक्टर पायथ्याशी उभे राहायचे, आणि धाकट्या डॉक्टरीणबाई हातातला कागद बघून बोलायच्या. मोठ्यांनी विचारायचं, "पंप घेतात?" धाकट्यांनी म्हणायचं, "घेतात, सर." "नियमित?" "नियमित." "घ्यायची पद्धत?" "उत्तम, सर."

हे 'उत्तम' कुठून आलं ते ऐका. पहिल्या खेपेला एक सिस्टर शिकवायचा पंप घेऊन आली होती. तो रिकामा असतो. आत औषध नाही, दाबला तरी आवाज नाही, काही बाहेर पडत नाही. ह्यांनी तो असा हातात घेतला की ती बिचारी बघतच राहिली. मनगटातून खळखळवला. टोपण काढून छिद्र उजेडात धरून तपासलं. छातीतला सगळा श्वास सोडला, पंप ओठांत धरला, दाबला, आणि हळूहळू, लांबलचक श्वास ओढून घेतला. सिस्टरनं आसपासच्या खाटांवरच्या मंडळींना बोलावून पुन्हा करायला लावलं. "आजोबांसारखं करायचं बरं का," असं सगळ्यांना बजावलं. हे दोन दिवस मिशीला पीळ देत होते. ते 'उत्तम' तेव्हा ह्यांना चिकटलं ते चिकटलंच. नंतर कुणी पंप दाखवा म्हटलंच नाही. म्हणणार तरी का? पहिल्या नंबरानं पास झालेल्याला कुणी परत पेपर देत नाही. रोजचा पंप सिस्टर हातात द्यायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची, कारण तिला अजून अख्खा वॉर्ड बाकी असायचा.

गुरुवारच्या राउंडला मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी न थांबता उशाशी आले. डॉक्टर उशाशी आले की बातमी बरी नसते.

"आजोबा, तिसरा पंप लिहिलाय," ते म्हणाले. "गोळ्याही वाढवल्यात. ह्याच्या वर आता फारशा पायऱ्या नाहीत. वाफ बंद करतोय. सोमवारी तुम्हाला बोटाला चिमटा लावून ह्या व्हरांड्यात चालवू. चालताना रक्तातला ऑक्सिजन फार उतरला, तर घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायची तयारी करावी लागेल. दिवसातला बराचसा वेळ नाकाला नळी."

"आणि गॅरेज?" ह्यांनी विचारलं.

"जिथे थिनर आहे, ठिणग्या उडतात, तिथे ऑक्सिजन घेऊन बसता येत नाही, आजोबा."

लवाजमा पुढच्या खाटेकडे गेला. मग हे खिडकीकडे बघत म्हणाले, "नळी लावून घरातच बसायचं असेल तर मला न्यायला येऊ नकोस. इथेच राहू दे."

"इथे कोण ठेवून घेणार आहे तुम्हाला?" मी म्हटलं. म्हटलं खरं, पण पुढचं सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. हा माणूस दिवसभर घरात, नळीला बांधलेला, माझ्या स्वयंपाकघरावर नजर ठेवून, हे डब्यांचं झाकण नीट बसत नाही, ते कपाट तिरकं आहे. आमच्यापैकी एक जण नक्की पोलिसांत गेलं असतं. पण खरी भीती ती नव्हती. खरी भीती ही की तो कपाट तिरकं आहे असंही म्हणणार नाही. नुसता बसून राहील. गॅरेजमध्ये कुणाची चूक काढता आली नाही तर हा माणूस कशासाठी श्वास घेणार, ते मला सुचत नव्हतं. आणि ह्यांच्याशिवाय घर कसं असतं ते मला बघायचं नव्हतं. मी कापडाच्या दुकानात काउंटरवर उमेदीची वर्षं घालवलेली बाई. गिऱ्हाइकासमोर चेहरा हसरा ठेवायची सवय. म्हणून रडले नाही, उशीचा अभ्रा बदलत बसले.

शुक्रवारी दुपारी नणंदबाई आल्या. ह्यांची थोरली बहीण. स्वच्छतेचा असा सोस की आमच्याकडे आल्या तर खुर्चीवर बसण्याआधी ती पुसून घेतात. वॉर्डात शिरल्या त्या नाक मुरडतच. ह्यांना त्या दिसताच भाच्याची आठवण झाली.

"तुझ्या पोराला सांग, ताई. बॉनेट नीट घासल्याशिवाय त्यावर दुसरा..."

तेवढ्यात ताईंनी पर्समधून खोलीत मारायच्या सेंटचा डबा काढला आणि खाटेभोवती फवारला. फुस्स.

आणि हे गप्प. वाक्य अर्धवट हवेत. ओठ घट्ट मिटलेले, डोळे बारीक, डावा हात वर, छाती जागच्या जागी. ताईंनी डबा खाली केला. ह्यांनी मान वळवून खिडकीकडे तोंड नेलं, तिकडे श्वास घेतला, आणि परत तोंड इकडे आणून म्हणाले, "...हात मारायचा नाही म्हणून."

"थांबलास का रे मध्येच?" ताईंनी विचारलं.

"कुठे थांबलो?"

सिस्टर धावत आली आणि ताईंवर बरसली, हा दम्याखोकल्याच्या लोकांचा वॉर्ड आहे, इथे कसला सेंट मारता म्हणून. ताईंचा डबा जप्त झाला. त्या दोघींचं वाजत होतं आणि मी खाटेवर तशीच बसून होते. कारण हा थांबा मी संसारभर बघत आले होते. घरी झुरळांचं औषध मारलं की हे असेच थांबतात. इस्त्री करताना कपड्यावर पाणी उडवलं तरी थांबतात. न्हावी गालावर पाणी फवारतो तेव्हासुद्धा. मला वाटायचं, असतात एकेकाच्या तऱ्हा. नवऱ्याच्या तऱ्हांकडे बायको कुठवर लक्ष देणार?

"अहो," मी म्हटलं, "संध्याकाळचा पंप घ्या बरं. माझ्यासमोर."

"वेळ झाली नाही अजून."

"झाली. घ्या."

त्यांनी पंप खळखळवला. काय सुंदर खळखळवतात, खरंच. श्वास सोडला, पंप ओठांत धरला, दाबला. फुस्स. आणि छाती तसूभर हलली नाही. मग पंप बाहेर काढून, मान वळवून, खिडकीच्या बाजूला ऐटीत श्वास घेतला. औषधाचं पांढरं धुकं मिशीच्या दोन्ही टोकांतून बाहेर पडत होतं.

"झालं?" हे म्हणाले आणि उठून चूळ भरायला बेसिनकडे निघाले, कारण पंपानंतर चूळ भरायची हेही सिस्टरनं शिकवलेलं आणि तेही हे उत्तम करत.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्षभर ते औषध मिशी घेत होती आणि उरलंसुरलं बेसिन. आमच्या बेसिनला बाकी कधी दम लागलेला नाही.

"बाई गं," नणंदबाई म्हणाल्या, "हा तर घेतच नाहीये."

मी हसायला लागले. हसता हसता खोकला आला, शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मला पाणी दिलं, आणि मग मला रडू फुटलं ते थांबेना. सोमवार तोंडावर आला होता, आणि औषधाचा एक थेंबसुद्धा अजून त्यांच्या छातीत धड पोचलेला नव्हता.

ह्यांना सांगितलं तर उलट मलाच ज्ञान. "स्प्रे गन हातात देताना वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलंय. बोट दाबलं की श्वास बंद. दोन पावलं मागे यायचं, मग तोंड वळवून घ्यायचा. म्हणून तर इतकी वर्षं टिकलो."

"तेवढं शिकवण्यापेक्षा मास्क लावायला शिकवलं असतं तर? आणि हा रंग नाही, औषध आहे."

"मला काय कळत नाही?"

"मग ओढा."

त्यांनी पंप दाबला. फुस्स. छाती बंद. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग आश्चर्य. परत दाबणार होते, मी पंप काढून घेतला, उगाच डोसावर डोस नको. पण त्यांना कळून चुकलं होतं. डोक्याला पटलेलं बोटाला पटत नव्हतं. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांची चूक ह्यांना दिसली होती, आणि मला त्यात काहीच मजा वाटली नाही.

धाकट्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या सरळ मनाच्या, पण दमलेल्या. "काकू, त्यांची पद्धत उत्तम आहे. मी स्वतः वाचलंय."

"रिकाम्या पंपाची उत्तम आहे," मी म्हटलं. "भरलेला द्या आणि उभ्या राहून बघा."

त्या आल्या, उभ्या राहिल्या, निळा पंप समोर घ्यायला लावला. धुकं मिशीतून निघालं तेव्हा त्यांनी आधी मिशीकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे, मग चक्क खाटेच्या कडेवर टेकल्या, जे डॉक्टर कधी करत नाहीत. "आणि आम्ही पायऱ्या चढवत बसलो," त्या म्हणाल्या. मग तोंडावर हात ठेवून हसल्या, आणि हे मात्र रुसले.

त्याच दिवशी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ठरलं असं, की औषध आहे तेवढंच, वाढवायचं काही नाही, फक्त ते छातीत जाईल असं बघायचं. आधी पावडरवाला पंप आणला. त्याला बोट दाबावं लागत नाही, फुस्स नाही, आपणच जोरात ओढायचं. पण तेवढा जोर ह्यांच्या छातीत उरला नव्हता. पावडर निम्मी पंपातच राहिली आणि हे खोकून बेजार. मग एक प्लॅस्टिकची नळकांड्यासारखी बाटली आली. एका टोकाला पंप बसवायचा, दुसरं टोक तोंडात. दाबलं की औषध बाटलीत थांबतं, आणि माणसानं मग सावकाश श्वास घ्यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबांसाठीच केलीय जणू.

आजोबांनी बाटली उलटीसुलटी करून बघितली. "ही लहान मुलांची आहे."

"मोठ्यांची आहे, आजोबा."

"सांधा नीट जुळलेला नाही."

"आजोबा, तुम्ही फक्त दाबा आणि ओढा."

ह्यांनी दाबलं. श्वास बंद. औषध बाटलीत मुकाट्यानं वाट बघत होतं. पुढे ओढायचं एवढंच बाकी, आणि हे काय करतात? सवयीनं बाटली तोंडातून काढली, मान वळवली आणि खिडकीकडची हवा घेतली. वस्तादांचा दुसरा धडा. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मी सांगितलं, तुम्ही जा, तुमच्या बाकीच्या पेशंटना बघा, हे माझ्यावर सोडा.

मी त्या संध्याकाळी खाटेवर चढून ह्यांच्या मागे बसले. डाव्या हातानं मान धरली, मांजराच्या पिल्लाची धरतात तशी, म्हणजे वळवायची सोय नाही. बाटली तोंडात दिली, आणि उजव्या हातानं पंप मी दाबला. बोट माझं, त्यामुळे ह्यांच्या बोटाचा संबंध मिटला. फुस्स झालंच, हे थिजलेच. पण मान माझ्या ताब्यात. जाणार कुठे? मी कानाशी म्हटलं, "घ्या." एक क्षण काही नाही. "अहो, घ्या म्हणते ना." आणि मग बाटलीतली झडप हलली, बरगड्या वर आल्या, आणि माझ्या तळहाताखाली तो श्वास आत गेलेला मला कळला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"कडू," हे म्हणाले. "पहिल्यांदाच घशाच्या आत कडू लागलं."

सगळा वॉर्ड बघत होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, वहिनी, आमच्या मिसेसलाही शिकवा. हे लाजेनं लाल झाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला यायला जरा उशीर झाला तर बाटली मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलेले. शनिवार गेला. रविवारी वाफ बंद असूनही हे कोमेजले नाहीत. एका निळ्या गाडीच्या पाठीमागच्या पत्र्याबद्दल एक वाक्य बोलले, तुकडे न करता. मी काही म्हटलं नाही. नजर लागायची.

सोमवारी मोठे डॉक्टर आले. ह्यांना व्हरांड्यात उभं केलं, बोटाला चिमटा लावला, चिमट्याचं छोटं यंत्र डॉक्टरीणबाईंच्या हातात. मी भिंतीला टेकून उभी, शेजारी नणंदबाई, ह्या वेळी पर्स तपासून आत सोडलेल्या.

हे चालायला लागले. सावकाश, पण ताठ. एक फेरी झाली. डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघून मान हलवत होत्या, चांगल्या अर्थानं. दुसरी फेरी. मोठे डॉक्टर हाताची घडी घालून बघत होते. तिसऱ्या फेरीला हे व्हरांड्याच्या टोकाशी पोचले, तिथे काचेचं दार. आणि दाराच्या पलीकडून सफाईची बाई फवाऱ्याची बाटली घेऊन आली, काच पुसायला.

फुस्स.

हे चालताहेत, पण छाती बंद. डावा हात वर. फुस्स, फुस्स, काच मोठी होती. हे तसेच चालताहेत, आणि डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "सर, आकडा पडतोय. खाली चाललाय, सर."

मोठे डॉक्टर पुढे झाले. "बस, थांबवा. मशीनचं..."

"मशीनचं काही नाही," मी ओरडले आणि धावले. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी. नणंदबाई माझ्याही पुढे. त्यांनी त्या बाईच्या हातातली बाटली हिसकली आणि पदराखाली धरली. ती बाई घाबरून म्हणाली, काच घाण झालीय म्हणून मारत होते. मी ह्यांच्या पाठीमागून मान धरली.

"अहो, संपलं फुस्स. घ्या."

ह्यांनी घेतला. मग दुसरा. मग आमच्याकडे असं बघितलं जणू आम्हीच काहीतरी विचित्र वागत होतो. डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघत राहिल्या. त्यांच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर गेले. "चढतोय, सर. चढला."

मोठ्या डॉक्टरांना सगळा प्रकार परत पहिल्यापासून सांगावा लागला. फोनवर ऐकलं होतं, पण वाटलं नव्हतं इतकं असेल. ते बराच वेळ ह्यांच्या मिशीकडे बघत होते. मग म्हणाले, "थोडं बसवून परत चालवू. फवाऱ्याच्या सगळ्या बाटल्या माझ्या खोलीत ठेवा." परत चालवलं. आकडा थोडा उतरला, आजारी माणसाचा उतरेल तेवढा, पण मशीन लागावं इतका नाही. मोठ्या डॉक्टरांनी कागद घेतला. तिसरा पंप खोडला. वाढवलेल्या गोळ्या खोडल्या. खाली एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली: पंप बाटलीतून घ्यावा, दाबायचा पत्नीनं.

"मी आयुष्यात पहिल्यांदा असं लिहितोय," ते म्हणाले.

"महिन्यानं परत येऊन दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरलेल्या पंपानं."

"आणि गॅरेज?" ह्यांनी विचारलं.

"बाहेर. लांब. वाऱ्याच्या बाजूला. रंग चालू असेल त्या दिवशी नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. घरी निघताना ते खाली पार्किंगमध्ये भेटले, तर हे त्यांच्या गाडीपाशी थांबले आणि त्यांना सांगितलं की डाव्या दाराचा रंग दोन वर्षांत सोलणार, खालचा हात बसलेला नाही. डॉक्टर तिथे वाकून बघत उभे राहिले ते आमची रिक्षा निघेपर्यंत.

आता रोजचं ठरून गेलंय. सकाळी गॅरेजला जायच्या आधी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी. हे खुर्चीत बसतात, मी मागे उभी. मान धरावी लागत नाही आता, पण मी धरते. ह्यांनीही कधी हात काढ म्हटलेलं नाही. मी पंप खळखळवते. माझं खळखळवणं ह्यांना पसंत नाही, मनगटात जोर नाही म्हणतात. मग दाबते, घ्या म्हणते, आणि ह्यांच्या बरगड्या माझ्या पोटाला टेकून वर येतात. मी बघत राहते, पुरता गेला का, थांबला का, सुटला का.

काल संध्याकाळी असंच झालं. ह्यांनी श्वास घेतला, धरला, सोडला. बाटली बाजूला ठेवली. मी तशीच मागे उभी.

"झालं माझं," हे म्हणाले. "आता तू सोड."

"काय सोडू? मान?"

"मान राहू दे. श्वास सोड. पंप दाबलास की तू धरून बसतेस. रोज बघतोय मी."

छातीत खरंच हवा अडकवून ठेवलेली होती, कधीची कोण जाणे.

मी सोडली. मग ह्यांनी माझ्याच सुरात मला 'घ्या' म्हटलं, आणि मी घेतली.